मागची डावी सीट

गाडी कितीही मोठ्या माणसाची असो, तिच्या सीटवरून तळवा फिरवला की तो माणूस कसा बसतो, काय खातो आणि घरी काय सांगून बाहेर पडतो, हे सगळं डागदरला कळायचं. यातलं पहिलं आणि दुसरं तो चहा पिताना खुशाल सांगायचा. तिसऱ्याबद्दल त्यानं कधी चकार शब्द काढला नाही.

डागदर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. सीटवरचे डाग काढतो म्हणून कुणीतरी चेष्टेनं तसं म्हणालं, आणि ते नाव असं चिकटलं की त्याच्या स्वतःच्या हातानंही निघालं नसतं. छप्पन्न वर्षांचा, पोट सुटलेला, उजवा गुडघा कुरकुरणारा माणूस. सुरुवात केली सिनेमाच्या थेटरात, खुर्च्यांखाली चिकटवलेलं च्युइंगम खरवडण्यापासून. बर्फाचा खडा धरून च्युइंगम कडक करायचं आणि एका झटक्यात उडवायचं, ही त्याची पहिली विद्या. तिथून तो सीट कव्हर शिवणाऱ्याकडे गेला, तिथून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या एका मालकाकडे, आणि मग तिथेच एकवीस वर्षं रुतून बसला. पुढे काचेची शोरूम, तिच्यात चकाचक गाड्या आणि मालकाचं हसू. मागे पत्र्याची शेड, तिच्यात डागदर, दोन बादल्या, एक व्हॅक्यूम आणि ब्रशांनी भरलेला एक डबा.

कामाच्या बाबतीत मात्र भलता खडूस. कापडी सीटवर कुणी पाण्याचा पाइप सोडला तर अंगावर धावून जायचा. "अरे, सीट आहे का म्हैस?" कापडाला फक्त फेस दाखवायचा, पाणी नाही. पाणी आतल्या फोममध्ये उतरलं की मेलं, कारण वरून स्वच्छ दिसणारी सीट हळूहळू वाळते आणि वाळता वाळता खालचा डाग पुन्हा वर येऊन बसतो. मखमलीला कोरडा ब्रश, तोही लव ज्या बाजूला झोपते त्याच बाजूनं. रेक्झिन बिचारं गरीब, काहीही सोसतं, पण तिखट साबण लावत राहिलात तर एक दिवस भेगाळतं. आणि लेदर म्हणजे कातडी, हे तो कुणाला विसरू द्यायचा नाही. "जे स्वतःच्या तोंडाला लावणार नाहीस ते हिला लावायचं नाही," असं दम देऊन सांगायचा. मऊ ब्रश, ओलसर फडकं, मग क्रीम, आणि वाळवायचं ते सावलीत.

सीटच्या फटीत त्याला काय काय सापडायचं. एकच कानातलं, कुणाच्या तरी गोळ्यांची पट्टी, चुरगाळलेली चिठ्ठी. तो सगळं पाकिटात घालून मालकाच्या हातात द्यायचा आणि वर काही बोलायचा नाही. सीटनं सांगितलेलं सीटपाशीच ठेवायचं, असा त्याचा नेम होता आणि त्याचा त्याला अभिमानही होता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही जगाची रीत. डागदर दुसऱ्याचंही झाकून ठेवायचा. आपलं किती झाकत होता ते आता सांगायला हवं.

घरी त्याची आई होती, ब्याऐंशी वर्षांची. माणसं विसरली होती, वार विसरली होती, पण पाय शाबूत होते आणि तीच पंचाईत होती. दोनदा ती घरातून निघून गेली. पहिल्यांदा गल्लीच्या टोकाला सापडली. दुसऱ्यांदा सापडली मोठ्या रस्त्याच्या मधोमध, अनवाणी, दोन्ही बाजूंनी ट्रक चाललेले आणि ही हात वर करून उभी. त्या दिवशी डागदरनं बाहेरून कडी बसवून घेतली आणि कुलूप आणलं. त्याची बायको एका पाळणाघरात दुसऱ्यांची पोरं सांभाळायला जायची. दोघांच्या कमाईशिवाय घर चालणारं नव्हतं आणि आईपाशी दिवसभर बसणारं माणूस ठेवणं हे त्यांच्या स्वप्नातही बसत नव्हतं. मग सकाळी नऊला आईजवळ जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि चालू रेडिओ ठेवायचा, कुलूप लावायचं, ते दोनदा ओढून बघायचं आणि चालू पडायचं. बायको चारला परतायची. मधले सात तास आई आत.

आठ महिने असं चाललं होतं. कुलूप ओढून झालं तरी तो पायरीवर घुटमळायचा. मग तो स्वतःला म्हणायचा, तिला काय कळतंय? रस्त्यावर मरण्यापेक्षा घरात सुरक्षित आहे. हे म्हटलं की बस स्टॉपपर्यंत जाता यायचं.

मग एक दिवस ती गाडी आली. तिच्याबरोबरचा माणूस पन्नाशीचा होता, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला, बोलायला मऊ. गाडी विकायची होती. आतून सगळं फिक्या तपकिरी रंगाचं लेदर, फार वापर नसलेलं.

"काका, मागची डावी सीट जरा नीट बघा," तो डागदरला म्हणाला. "आई तिथं बसायची. तिथंच गेली. झोपेतच."

"वाईट झालं," डागदर म्हणाला.

"कागदांवर सह्या करायला गेलो होतो आम्ही. दहा मिनिटं. परत येऊन बघतो तर संपलेलं. दहाच मिनिटं हो." मग विचारलं नसताना म्हणाला, "खूप जपायचो आम्ही तिला. चालत्या गाडीचं दार उघडायची, कळायचं नाही तिला काही. फार काळजी घ्यावी लागायची."

"माझीही आई आहे घरी," डागदर म्हणाला.

"मग तुम्हाला सांगायला नको," तो म्हणाला आणि त्याला असं काही हायसं वाटलेलं दिसलं की डागदरलाही क्षणभर बरं वाटलं.

तो गेल्यावर डागदरनं मागचं डावं दार उघडलं आणि सवयीप्रमाणे सीटवर तळवा ठेवला. लेदरवर घामाचं मीठ उमटलं होतं. पांढरट कडा, पाठीच्या जागी, मांड्यांच्या जागी, थेट शिवणीपर्यंत पसरलेल्या. एवढा घाम दहा मिनिटांचा नसतो, हे त्याच्या तळव्याला एका दमात कळलं. मग त्यानं दाराच्या आतल्या बाजूला पाहिलं. हँडलच्या खाली, लेदरच्या पॅडवर, नखांचे ओरखडे होते. अकरा. त्यातले वरचे खोल आणि खाली येतील तसे उथळ होत गेलेले. शेवटचा तर नुसता स्पर्श केल्यासारखा.

डागदरनं ते बोटानं पुन्हा एकदा मोजले. कुणाला तरी सांगावं असं त्याच्या मनात आलं, नाही असं नाही. पण एकवीस वर्षांची सवय कुठे जाते? त्यानं मीठ ओलसर फडक्यानं टिपलं, क्रीम लावलं, आणि ओरखडे भरायला घेतले.

ते काम त्याच्यासारखं कुणाला येत नव्हतं. आधी स्पिरिटनं जागा पुसून तेलकटपणा काढायचा, मग बारीक पॉलिश पेपरनं घासायचं, मग ओरखड्यात मऊ भरण, तेही नखाच्या पापुद्र्याएवढं पातळ. ते वाळू द्यायचं, पुन्हा घासायचं, पुन्हा भरायचं. शेवटी स्पंजानं टिपत टिपत रंग आणि वर पारदर्शक लेप. संध्याकाळपर्यंत दार कोरं झालं. मालकानं बोट फिरवून पाहिलं, "डागदर, तुझे हात सोन्यानं मढवायला पाहिजेत," म्हणाला, आणि नेहमीप्रमाणे मढवले काही नाहीत.

सकाळी अकराच्या अकरा ओरखडे परत वर आले होते.

डागदरला भीती वाटली नाही, राग आला. लेदर नीट वाळलं नसणार, आतला तेलकटपणा निघाला नसणार, भरणाचा डबा जुना असणार. तीन कारणं त्यानं तोंडपाठ असल्यासारखी मोजली. एवढंच की त्या सीटचा पट्टा लावलेला होता. खटका आत, पट्टा ताणलेला, जणू कुणाच्या तरी पोटावरून गेल्यासारखा मधे फुगलेला. शेड बंद करताना आपणच लावला असेल, असं म्हणून त्यानं तो काढला.

दुसऱ्यांदा त्यानं जुनं भरण खरवडून नवा डबा फोडला आणि दोन दिवस वाळायला दिले. तिसऱ्या दिवशी एक नवरा-बायको गाडी बघायला आले. नवरा पुढे स्टिअरिंग धरून पोरासारखा खूश. बायको मागे डावीकडे बसली आणि दार ओढून घेण्याआधीच खाली उतरली.

"इथून कुणी आत्ता उठून गेलं का?" तिनं विचारलं.

"नाही हो ताई. का?"

"सीट गरम आहे."

"ऊन असतं," नवरा हसून म्हणाला. गाडी सकाळपासून शेडमध्ये होती. ती बाई एक हात दुसऱ्या हातानं चोळत शोरूमच्या दाराशी जाऊन उभी राहिली, आणि नवऱ्यानं कितीही बोलावलं तरी परत आत आली नाही.

ते गेल्यावर डागदरनं बघितलं. काचेच्या खालच्या कोपऱ्यात आतून वाफ धरली होती, तळहाताएवढी. त्यानं ती पुसली. चहा पिऊन आला तर पुन्हा तेवढीच, त्याच जागी. आणि दारावर अकरा रेघा.

"तुझा हात म्हातारा झाला बघ," मालक म्हणाला. "दुसरा कुणी बघू का?"

हे मात्र डागदरच्या वर्मी लागलं. त्या रात्री तो धड जेवला नाही. बायकोनं काय झालं विचारलं तर म्हणाला, लेदर ऐकत नाहीये. "सगळं आपलं ऐकतं का?" ती म्हणाली आणि सासूबाईंना झोपवायला गेली. आई झोपताना रोज विचारायची, तेच तिनं त्या दिवशीही विचारलं: मुलगा आला का? "आलेत, समोरच बसलेत," बायको म्हणाली. आईनं डागदरकडे बघितलं, ओळख नसलेल्या पाहुण्याकडे बघून हसतात तशी हसली, आणि डोळे मिटले.

तिसऱ्यांदा भरण्याचं काम त्यानं दुपारी काढलं, मालक जेवायला गेल्यावर. मधे मधे करायला कुणी नको होतं. ऊन मी म्हणत होतं. पत्रा तडतडत होता आणि वारा सुटून गल्लीतली सगळी माती शेडमध्ये येत होती. शेवटचा लेप ओला असताना त्यावर धूळ बसली की खेळ खलास, म्हणून त्यानं शटर अर्धं ओढलं, डावं दार नीट लावलं, आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. मागच्या उजव्या दारानं सामान घेऊन आत शिरला, आणि तेही दार ओढून घेतलं.

आत काम छान चाललं. बाहेरचा आवाज तुटला होता. डाव्या सीटवर गुडघा न ठेवता, नुसतं वाकून, त्यानं एकेक ओरखडा भरला, वाळू दिला, रंग टिपला. वरच्या खोल रेघेपासून सुरुवात करून खालच्या उथळ रेघेपर्यंत. ती शेवटची भरताना त्याच्या मनात आलं, ही रेघ काढताना तिला किती वाजलेत ते माहीत असेल का? मग लगेच वाटलं, आपण कशाला असला विचार करायचा. लेप लावून झाला. घामानं बनियन अंगाला चिकटला होता. बाहेर पडावं म्हणून त्यानं उजव्या दाराचं हँडल ओढलं.

हँडल आलं, दार नाही आलं.

पुन्हा ओढलं. खांदा लावला. काच खाली करावी तर गाडीची किल्ली मालकाच्या ड्रॉवरमध्ये. आणि मग त्याला समजलं. मागच्या दारांच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसतो असा, एक लहान खटका असतो. लहान पोरांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून. तो लावला की दार फक्त बाहेरून उघडतं. एकवीस वर्षांत त्यानं तो खटका हजारदा पाहिला होता, आणि दारं कायम उघडी टाकून काम करत असल्यानं कधी ध्यानात घेतला नव्हता. खूप जपायचो आम्ही तिला, असं तो माणूस म्हणाला होता.

पुढच्या दोन सीटांमधून सरपटत पुढे जायचं आणि पुढचं दार उघडायचं, एवढंच करायचं होतं. शहाण्या माणसाला हे लगेच सुचायला हवं होतं. पण अंगभर घाम, नाकात स्पिरिटचा वास, आणि श्वास असा अर्ध्यातच अडकायला लागलेला. त्यानं काचेवर थापा मारल्या. "अहो, कुणी आहे का?" अर्ध्या शटरखालून गल्लीत कुणाचे तरी पाय गेले. गेलेच. त्यानं पुन्हा हाका मारल्या आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, बारीक आणि म्हातारा. बोटं दारावर काहीतरी शोधत होती. काय शोधत होती ते त्याला माहीत नव्हतं.

तेवढ्यात शेजारी लेदर कुरकुरलं.

सीटवर बसलेलं माणूस थोडं सरकतं तेव्हा लेदर जसं कुरकुरतं, तसं. डागदरनं मान वळवली नाही. वळवण्याची छाती नव्हती. खाली नजर गेली तर त्याच्या पोटावरून पट्टा गेलेला होता, खटका आत. पट्टा त्यानं लावला नव्हता. आपणच गडबडीत लावला असेल, असं तो नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिला. डाव्या बाजूनं मंद ऊब येत होती, तापलेल्या पत्र्याची नव्हे, आजारी माणसाच्या अंगाची असते तशी. आणि श्वास. त्याच्या श्वासाहून हळू, पण त्याच्या श्वासासारखाच अर्ध्यात अडकणारा.

माणूस भीतीच्या पलीकडे गेला की काय बोलेल सांगता येत नाही. डागदर म्हणाला, "आजी, जरा सरका. मला पुढे जायचंय."

लेदर पुन्हा कुरकुरलं. या वेळी लांब गेल्यासारखं.

त्यानं पट्टा सोडला, कुरकुरता गुडघा दोन सीटांच्या मधे रेटला, पोट खरचटत, गिअरवर कोपर आपटत, पुढच्या सीटवर उलटा पडला आणि दार ढकललं. ते सहज उघडलं. तो खाली जमिनीवर बसला आणि तोंडानं श्वास घेत राहिला. उठून पळून जायला हवं होतं. पळाला नाही. गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आला आणि मागचं डावं दार बाहेरून उघडलं. उघडं धरून उभा राहिला, बाजूला सरकून, एका म्हाताऱ्या माणसाला उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. सीटचा दबलेला भाग हळूहळू वर आला. मग ऊब त्याच्या हातावरून गेली आणि शेडमध्ये नुसतं दुपारचं ऊन उरलं.

दारावरचा लेप गुळगुळीत होता. एकही रेघ नव्हती, आणि पुढेही कधी आली नाही. पण त्यानं आत वाकून पलीकडच्या, उजव्या दाराकडे पाहिलं. तिथे हँडलच्या खाली चार ओरखडे होते, ताजे. त्याच उंचीवर, तसेच तिरके. त्यानं आपल्या नखांकडे पाहिलं. त्यात तपकिरी रंग भरला होता.

तो काही वेडा नव्हता. त्याला सगळं कळत होतं, किल्ली कुठंय तेही कळत होतं, तरीही त्याच्या हातांनी हेच केलं होतं. म्हणजे गाडीतल्या त्या आजीलाही कळत होतं. तिला काय कळतंय, हे त्यानं आठ महिने आईबद्दल स्वतःला सांगितलं होतं, आणि गाडी विकणारा तो माणूसही बहुधा तेच सांगत होता. डागदरनं खिशातली घराची किल्ली मुठीत धरली आणि अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडला. मालकाला निरोप ठेवला नाही. बसची वाट पाहिली नाही. गुडघा ठणकत असताना, भर उन्हात, तो पळता येईल तेवढा पळाला आणि उरलेलं चालला.

कुलूप तापलं होतं. आतून काही आवाज येत नव्हता, रेडिओसुद्धा नाही. किल्ली दोनदा खाली पडली. दार आत ढकललं तर अर्ध्यावर कशाला तरी लागून थांबलं.

"सावकाश," आतून आवाज आला आणि काहीतरी फरशीवरून सरकलं.

आई दाराला लागून स्टुलावर बसली होती. चप्पल घातलेली, केस विंचरलेले, मांडीवर हातातली पिशवी. डबा पलीकडे तसाच, झाकण न उघडलेला. जिवंत होती, ठीक होती. डागदरला एकदम रडू आलं आणि ते लपवायला त्यानं आत येऊन दार पुढे लोटलं, तेव्हा दाराची आतली बाजू त्याच्या समोर आली.

रोज तो दार आत ढकलायचा, ते भिंतीला टेकायचं, आणि रात्री बायको आतली कडी लावायची. ही बाजू त्यानं कितीतरी दिवसांत धड पाहिली नव्हती. जगाच्या सीटवरचे डाग ओळखणारा माणूस, आणि दिव्याखाली अंधार तो असा. कडीच्या खाली, बुटक्या बाईच्या हाताच्या उंचीवर, हातभर जागा नव्यानं रंगवलेली होती. रंग जुन्या रंगाशी जुळत नव्हता. ब्रशचे फराटे दिसत होते, एका कडेला ओघळ होता, नवशिक्याचं काम. त्यानं तळवा ठेवला. रंगाखाली रेघा होत्या. रेघांखाली रंग होता, वेगळ्या छटेचा, आणि त्याखाली पुन्हा रेघा. किती थर होते ते त्याच्या तळव्याला मोजता आलं असतं. त्यानं हात काढून घेतला.

"कोण आपण?" आईनं विचारलं.

त्याला आपलं नातं सांगायची लाज वाटली. "दाराचं काम करायला आलोय," तो म्हणाला.

"बरं झालं बाई, कुणीतरी आलं. हे दार आपोआप बाहेरून लागतं." ती पुढे वाकली आणि आवाज खाली आणला. "पण माझ्या मुलाला सांगू नका हं. तो दमून येतो. त्याला कळलं की दिवसभर दार लागलेलं असतं, तर त्याच्या जिवाला लागेल. फार हळवा आहे तो. सून रंग लावते त्याच्यावर. आम्ही दोघींनी ठरवलंय, त्याला दिसू द्यायचं नाही."

डागदर खाली फरशीवर बसला.  मग उठला, घरातल्या हत्यारांच्या पेटीतून पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि बाहेरच्या कडीचे स्क्रू सोडायला लागला. गंजलेले होते, जोर लावावा लागला. आई ते लक्ष देऊन बघत होती. कडी निखळून हातात आली तशी त्यानं दार सताड उघडलं आणि बाजूला झाला. ती जाईल, मोठ्या रस्त्यापर्यंत जाईल, तर आपण मागे मागे जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. आज, उद्या, जमेल तोवर. नोकरीचं काय ते मग बघू.

आई उठली. पिशवी सावरत, भिंतीला हात लावत उंबऱ्यापाशी गेली. कपाळावर हात धरून गल्लीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. मग वळली आणि परत येऊन स्टुलावर बसली.

"कुठं जायचं होतं तुम्हाला?" डागदरनं विचारलं.

"कुठं नाही. मुलगा येतोय का ते बघायचं होतं," ती म्हणाली. "नाही आला अजून."

आणि पिशवी मांडीवर नीट ठेवून ती पुन्हा दाराकडे बघत बसली.